शेवटच्या दिवसाच्या हलक्या गोळ्या

खोरिक्सास,
मे महिन्याचा दुसरा रविवार

प्रिय लेना,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली आहे, त्यामुळे वाचायला वेळ लागला. पण तीनदा वाचलं. तांबडी शेळी व्याली, दोन करडं आहेत, दोन्ही बोकड. माझा गुडघा सकाळी उठताना कुरकुरतो आणि दुपारनंतर गप्प बसतो. इकडची बातमी एवढीच. तुझी मात्र मोठी आहे. शिकारीची वाटाडी म्हणून सरकारी परवाना मिळाला, पहिला पाहुणा जून महिन्यात येतोय, डेन्मार्कहून, आणि तू मला विचारतेस, "मामा, त्यानं गोळ्या कुठल्या आणाव्यात म्हणून कळवू? तुझ्याइतकं कुणाला कळतं?" पोरी, या पत्राच्या शेवटाला तू मला मामा म्हणशील की नाही, ठाऊक नाही. म्हणून आधी गोळ्यांचं सांगून टाकतो. ते तरी तुझ्या हाती राहील.

रायफल थर्टी-ओ-सिक्स आहे म्हणतेस ना त्याची, चांगली आहे. त्याला कळव, एकाच जातीची गोळी आण, सगळ्या जनावरांना तीच. एकशे ऐंशी ग्रेनची, जड, जिचं शिसं वरच्या तांब्याला पक्कं चिकटवलेलं असतं ती. नाहीतर अख्खी तांब्याचीच. तो म्हणेल, हलकी गोळी वेगानं जाते, सरळ जाते. जाते ना, हरणाच्या पोरापर्यंत जाते. त्यांच्याकडची हरणं आपल्या शेळीएवढी. आपलं गेम्सबॉक हरीण तट्टाएवढं, त्याचा खांदा म्हणजे दगडी भिंत. तिच्यावर ती हलकी गोळी मातीच्या ढेकळासारखी फुटते, वरच्या वर मांस फाडते आणि आत काहीच पोचत नाही. जनावर मरत नाही, फक्त चिडतं. जड गोळीनं स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाचं थोडं मांस जास्त गेलं तर जाऊ दे. सगळ्या खोक्यांवर कारखान्याचा एकच घाणा-क्रमांक असू दे, म्हणजे गोळ्या एकाच वेळी बनलेल्या असतील, चाळीस गोळ्या पुरे, विमानवाले पाच किलोच्या वर नेऊ देत नाहीत. आल्या दिवशी शंभर पावलांवर पुठ्ठा लावून तीन गोळ्या मारायला लाव, तो कितीही म्हणाला की घरी मारून बघितल्यात. आणि त्याला आधीच सांग, आपल्या जनावरांचं काळीज त्यांच्या हरणांपेक्षा खाली आणि पुढे असतं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर जायचं आणि उंचीच्या एक तृतीयांशावर थांबायचं. गेम्सबॉकच्या पाठीचा उंचवटा बघून माणूस फसतो, वर मारतो.

आणखी एक. रोज सकाळी त्याच्या पट्ट्यातल्या गोळ्या तू स्वतः भरायच्या. दोन जातींच्या गोळ्या एका खिशात कधी नकोत. आता हे एवढं ठासून का सांगतोय, ते सांगायला बसलोय.

तुला माहीत आहे मी वाचायला कसा शिकलो ते. ग्राउवासरच्या मळ्यावर बेन्के मालकांच्या शिकारखोलीत गोळ्यांची रिकामी खोकी पडायची. त्यांच्यावरची अक्षरं मी चुलीपाशी बसून कोळशानं फरशीवर गिरवायचो. शाळा बघितली नाही, पण खोक्यावरचं सगळं वाचता यायला लागलं, मग वर्तमानपत्र, मग बायबल. तुझा बाप हसायचा. मळ्यावरचा सगळ्यात चांगला मागकाढ्या तो, पण अक्षराच्या वाटेला कधी गेला नाही. मला 'मास्तर' म्हणायचा. "या मास्तर, आज कुठल्या खोक्याचा धडा?" मी म्हणायचो, "टोबियास, तू शिकलास तर तुझ्या लेकीला तरी शिकवशील." त्यावर तो म्हणायचा, "लेकीला तिचा मामा आहे की. मी तिला वाळू वाचायला शिकवीन, तू कागद शिकव." मेहुण्याची थट्टा करण्यात त्याला कुणी हरवू शकलं नाही. तुझ्या आईशी, हुल्डाशी, त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, तर लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत माझ्या ताटात शेळीचं डोकं ठेवून म्हणाला, "घे, तुझ्याइतकंच हट्टी होतं."

मालकांनी माझ्याकडे गोळ्यांचं काम दिलं होतं, वाचता येतं म्हणून. रोज सकाळी पाहुण्याच्या चामडी पट्ट्यात गोळ्या मीच भरायचो. वीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एक पाहुणा आला होता. आठ दिवस राहिला. नेम वाईट नव्हता पण हात उतावळा; जड गोळ्यांची खोकी सातव्या दिवशीच संपली. आठव्या दिवशी सकाळी त्याच्या पेटीत फक्त हलक्या उरल्या होत्या, स्प्रिंगबॉकसाठी आणलेल्या. गेम्सबॉक मिळाला नव्हता, तो राहिला होता. मी मालकांना म्हटलं, "आपल्या कपाटात जड गोळ्या आहेत. पण त्या वेगळ्या कारखान्याच्या, पुठ्ठा लावून बघावं लागेल. वीस मिनिटं." विंडहुकला विमानतळावर न्यायला गाडी तीन वाजता येणार होती. मालक पाहुण्याकडे बघून हसले. म्हणाले, "आमचा एलिफास गोळ्या वाचतो, आपण शिकार करतो. भर रे त्या." मी भरल्या. पाच हलक्या गोळ्या, माझ्या हातानं, एकेक करून. मनात म्हटलं, लांबून मारू देणार नाहीत, जमेल.

एकशे चाळीस पावलांवर गेम्सबॉक उभा होता, तिरका. गोळी लागल्याचा आवाज आला, जनावर तीन पायांवर उडालं आणि काळ्या काटेरी रानात शिरलं. टोबियास रक्तापाशी खाली बसला. त्यात फेस नव्हता, म्हणजे फुप्फुसाला लागलं नव्हतं. गवतावर हाडाची बारीक कपची होती आणि नखाएवढा तांब्याचा पत्रा. तो त्यानं उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, वाच बघू. काय लिहिलंय?" मी वाचलं. लिहिलं होतं की गोळी खांद्यावरच फुटली आणि जनावर जिवंत आहे, चांगलं ताकदीचं आहे, आणि कुठल्या तरी झुडपात पाठ लावून आपली वाट बघणार आहे. तो उठून हातानं थांबायची खूण करत मालकांना म्हणाला, "अर्धा तास थांबू या. बसू दे त्याला, अंग आखडू दे. मी घरून कुत्रा आणतो." मालकांनी घड्याळ बघितलं. "कुत्रा आणेपर्यंत दोन वाजतील. चल, पुढे हो." टोबियासनं दुसऱ्यांदा सांगितलं. त्यानं दोनदा सांगितलं, लेना. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. तांब्याचा पत्रा माझ्या मुठीत होता. मी बंदूक टेकवायची तिकाटणी खांद्यावर घेतली आणि खाली बघत चालायला लागलो.

पुढचं तुला माहीत आहे, तेवढं खरं आहे. झुडपातून डोकं खाली घालून टोबियासच्या अंगावर आलेली दोन सरळ शिंगं, आणि आउट्योच्या दवाखान्याआधी वाटेतच गेलेला त्याचा जीव. मालकांनी जनावर तिथल्या तिथे पाडलं होतं. पाहुण्याचं विमान चुकलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा कागद आला आणि मालकांनी तो माझ्यासमोर ठेवला. बाकीच्या गड्यांनी अंगठे उठवले, त्यांना काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. लिहिलं होतं: टोबियास उइसेब याला थांबण्यास सांगितले असताना तो स्वतःहून घाईने पुढे गेला. पाहुण्याला त्या कागदाची भाषा वाचता येत नव्हती. त्यानं सही करण्याआधी मला विचारलं, "यात काय आहे?" मी म्हणालो, "जे झालं तेच." मग त्यानं केली, त्याच्याखाली मी केली. फरशीवर कोळशानं गिरवून शिकलेलं माझं नाव मी पहिल्यांदा सरकारी कागदावर लिहिलं ते तिथे.

मालक वाईट वागले नाहीत माझ्याशी. मुख्य मागकाढ्या केलं, दगडी खोली दिली. हुल्डाला महिन्याभरात झोपडी सोडावी लागली, मळ्यावर नवरा नाही तर घर नाही. मी तुम्हा दोघींना माझ्या खोलीत आणलं आणि लोकांनी मला चांगला भाऊ म्हटलं. माझी बहीण मरेपर्यंत नवऱ्यावर रागावलेली होती. "दोन घटका थांबला असता तर काय बिघडलं असतं याचं?" असं भांडी घासता घासता म्हणायची. त्याच्या थडग्यावर एकदाही गेली नाही. मी पाठमोरा बसून चहा ढवळत राहायचो. तू तेव्हा दाराशी बसून वाळूत बोटानं ठसे काढायचीस.

मग तू मोठी झालीस आणि त्याच रानात शिरलीस. जखमी जनावराच्या मागे जाण्याआधी पुरता अर्धा तास थांबतेस, कुत्र्याशिवाय पाऊल टाकत नाहीस. मागच्या नाताळात शेकोटीपाशी पाहुण्यांना सांगत होतीस, "माझा बाप घाईनं मेला, म्हणून मी थांबायला शिकले." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. मी त्यातच तरबेज आहे.

आता हे सगळं आजच का. तू पाहुण्याचं नाव लिहिलंस, प्रेबेन हाल्ड, आणि लिहिलंस की तो वीस वर्षांपूर्वी एकदा ग्राउवासरला येऊन गेलाय. तोच तो. तुझं आडनाव बघूनच त्यानं तुला निवडलं का, मला सांगता येणार नाही. पण पहिल्याच जखमी जनावरापाशी तू त्याला थांबवशील, तुझ्या बापाची घाई सांगशील, आणि तो गोंधळून म्हणेल, "पण तो तर थांबा म्हणत होता." ते तू परक्याच्या तोंडून, रानात, हातात बंदूक असताना ऐकू नयेस म्हणून हे पत्र. तुझ्या थांबण्यात बापाविरुद्ध काही नाही, पोरी. ते थेट त्याचंच आहे. पाकिटात बाभळीची एक वाळकी डहाळी आहे, जपून उघड. सही झाल्यावर मालकांनी शिकारीच्या रीतीप्रमाणे ती त्या गेम्सबॉकच्या रक्तात बुडवून हाल्डला दिली. आणि जखमी जनावराचा माग काढणाऱ्याला अर्धी द्यायची असते म्हणून त्यानं रडत मोडून अर्धी माझ्या हातात ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहायला अजूनही जड जातं. मी ती घेतली आणि टोपीत खोवली. माग मी काढला नव्हता. ती टोबियासची आहे. तुझ्या आईच्या वाट्याचंही त्याच्या थडग्यावर जाऊन ये, आणि ती डहाळी त्याच्यापाशी ठेव. मला सोबत नेऊ नकोस. नेलंस तरी मी फाटकाशी थांबेन.

तुझाच म्हणायचं की नाही ते तू ठरवेपर्यंत, नुसताच
एलिफास