मजजवळ नसलेली रायफल जमा करण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी,
शस्त्र परवाना शाखा, ठाणे.

विषय : मजजवळ नसलेली रायफल सात दिवसांत जमा करण्याच्या हुकमाबाबत.
संदर्भ : आपला दि. ५ मे १९८० चा हुकूम. तसेच माझे चार अर्ज, ज्यांस उत्तर नाही.

महोदय,

मी, बर्नार्ड पास्कू तुस्कानो, राहणार वटार, तालुका वसई, धंदा बागाईत, अर्ज करतो की,

१) माझ्या परवान्यावर माझ्या वडिलांची १९१२ सालची अमेरिकन रायफल आहे. लिव्हर खाली ओढून वर घेतला की काडतूस चढते. लोकसभेच्या निवडणुकीआधी हुकमाप्रमाणे ती मी पोलीस ठाण्यात जमा केली. जानेवारीत परत मिळाली ती गोणपाटात शिवून. घरी येऊन शिवण उसवली तर आत पापडीचे आलोशियस डाबरे यांची रायफल. माझी त्यांच्या घरी गेली होती.

२) हवालदारांचे म्हणणे असे की, दोन्ही एकाच तऱ्हेच्या, शिवाय तुम्हाला नवी मिळाली, मग रडता कशाला? महोदय, नवी म्हणजे काय ते ऐकावे. जुनीत काडतूस उचलणारी पट्टी पोलादातून कातून काढलेली आहे, नवीत ती पत्रा दाबून केली आहे. जुनीचा लिव्हर दोन बोटांनी चालतो. नवीचा चालवला की खुळखुळा वाजतो. असली नवी ज्यांना हवी त्यांनी खुशाल घ्यावी.

३) डाबरे माझे मित्र होते. नैरोबीहून ही नवी रायफल आणल्यापासून नऊ वर्षे, दर रविवारी मिस्सा सुटली की, तुझी भंगारात घाल असे ते मला चारचौघांत सांगत. आता माझी परत मागितली तर म्हणतात, सरकारने दिली, सरकारच नेईल. हल्ली ते चर्चच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. वाद मी जिंकलो आणि रायफल घालवून बसलो.

४) आता विधानसभेची निवडणूक. हुकूम असा की, परवान्यावरील रायफल जमा करा, नाहीतर परवाना रद्द आणि अटक. मी डाबरे यांची घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. नंबर जुळत नाही म्हणून हवालदारांनी ती घेतली नाही, उलट बिनपरवाना हत्यार घेऊन फिरतो म्हणून दम दिला. नंबर जुळवण्याची ही विद्या जानेवारीत कुठे गेली होती, असे विचारताच मला बाहेर काढले.

५) वडिलांनी ती रायफल हयातीत कुणाच्या हाती दिली नाही. मी दिली, कारण सरकारने मागितली. याचा मला संताप आहे, आणि त्याहून जास्त लाज आहे.

सबब, मुदतीच्या दिवशी, १२ मे रोजी सकाळी दहा वाजता, मी डाबरे यांची रायफल घेऊन पुन्हा पोलीस ठाण्यात हजर होत आहे. रायफल तरी घ्यावी, नाहीतर मला घ्यावे. मला अटक केल्यास पंचनाम्यात हत्याराचा नंबर लिहावाच लागेल, आणि माझी रायफल मजजवळ नाही हे पाच महिन्यांत प्रथमच सरकारी कागदावर येईल. तरी अटक विनाविलंब व्हावी, ही विनंती.

सोबत : परवान्याची नक्कल, मागील चार अर्जांच्या नकला.

आपला, अजून तरी नम्र,
बर्नार्ड पास्कू तुस्कानो
वटार, दि. ८ मे १९८०