शेवटच्याने रिबिनी काढायच्या

१ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा आज पुन्हा चुकले. घरापासून दोन गल्ल्यांवर! न्हाव्याचा फोन आला — "काका दुकानाबाहेर उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. घर कुठं गेलं, विचारतायत." मी लॅबमध्ये एका पेशंटची कवळी घासत होते, ती तशीच टेबलावर टाकली आणि धावले. मला बघितल्याबरोबर ओळखलं. वर मलाच विचारतात, "तू कामावरून इतक्या लवकर कशी?"

आयुष्यभर बस चालवली या माणसाने. गावातला एकेक खड्डा पाठ होता.

धाकटीला फोन केला. म्हणाली, "आजीचंही असंच झालं होतं ना? घराण्यातच आहे ताई आपल्या. आता पुढचा नंबर तुझा!" आणि हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बोटांवर मोजलं, आजीचं सुरू झालं तेव्हा तिचं वय काय होतं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

एका साच्यावर पेशंटचं नाव टाकायचं विसरले. असं पूर्वीही व्हायचं. व्हायचं ना?

३ ऑक्टोबर, शनिवार

उद्या ग्रुपबरोबर डोंगरात धावायचं. जाऊ की नको, असं दिवसभर चाललं होतं. शेवटी नवराच वैतागला — "जा बाई तू! मी आहे बाबांजवळ. घरात बसून माझं डोकं खाशील त्यापेक्षा डोंगराचं खा."

बाबांनी बूट बघून विचारलं, डोंगरात रस्ता कसा कळतो? सांगितलं, की आदल्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी वाटेवर नारिंगी रिबिनी बांधून येतं. रिबीन उजव्या हाताला दिसली की वाट बरोबर. फाटा आला की जवळजवळ तीन. आणि सगळ्यांच्या मागून शेपूट येतो, तो त्या सोडवत येतो. डोंगरावर कचरा ठेवायचा नाही म्हणून. (शेपूट म्हणजे आमचा कुलूपवाला. नेहमी शेवटी धावतो, स्वतःच हे नाव लावून घेतलंय.)

"म्हणजे शेवटच्याने रिबिनी काढायच्या," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने परत विचारलं, डोंगरात रस्ता कसा कळतो?

४ ऑक्टोबर, रविवार

घरी आले. धड आहे. बाकीचं उद्या लिहीन.

५ ऑक्टोबर, सोमवार

आता सगळं नीट लिहून काढते.

गुडघा कुरकुरत होता म्हणून मी मागे पडले होते. माझ्या मागे फक्त शेपूट. खिंडीच्या अलीकडे मला आडोशाला जावं लागलं. आमचा नियम असा, की वाट सोडून कुणी बाजूला गेलं तर टोपी वाटेवर ठेवायची. म्हणजे मागच्याला कळतं, माणूस इथेच आहे. मी ठेवली नाही. मोठ्या दगडामागे गेले. तेवढ्यात ढग खाली उतरला, असा की स्वतःचे बूट दिसेनात.

वाटेवर परत आले तर रिबीन नाही. पुढे गेले. नाही. फाट्यापाशी पोचले. तिथे तीन असायलाच हव्यात — एकही नाही!

या वाटेने मी कितीदा धावलेय. उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे काय विचारायचं असतं? पण मी उभी राहिले आणि मला आठवेना. रिबिनी नव्हत्याच का? की होत्या, आणि मीच भलत्या वाटेला लागले? हाच का तो फाटा? दुकानाबाहेर उभे असलेले बाबा डोळ्यांपुढे आले. घर कुठं गेलं? पाय घसरेल, अंधार पडेल — यातलं काही मनात नव्हतं. मनात एकच. आलं! माझ्यापर्यंत आलं!

डावीकडे गेले. वाट बारीक होत गेली, शेळ्यांच्या वाटेसारखी, आणि मग संपलीच. पुढे सुट्या दगडांचा उतार आणि खाली नुसतं पांढरं. तिथेच बसकण मारली. आणि काय केलं असेल? स्वतःची परीक्षा घेतली! मोठ्याने. नवऱ्याचा फोन नंबर. लेकीची जन्मतारीख. मग कवळी कशी करतात ते — आधी ठसा, मग प्लॅस्टरचा साचा, मग मेण, मेणात दात बसवायचे, तोंडात घालून बघायची, मग मेण वितळवून त्या जागी पक्कं भरायचं, मग घासायची. सगळं बरोबर आलं. मला रडू फुटलं. मग लक्षात आलं, गळ्यात शिट्टी आहे! बायकोच्या अक्कलहुशारीचं नवरा उगाच कौतुक करतो.

शिट्टी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. बराच वेळ काही नाही. आणि मग वरून, लांबून, उत्तर आलं.

ढगातून शेपूट आला तो धापा टाकतच. कमरेच्या पिशवीतून रिबिनी लोंबत होत्या. "ताई, माफ करा! तुम्ही पुढे आहात असं समजून सगळ्या काढत गेलो मी. खाली बघतो तर तुम्ही नाही! तोंडचं पाणी पळालं माझ्या."

मी म्हटलं, "काढल्या? म्हणजे होत्या?"

"होत्या म्हणजे काय! मीच बांधल्या होत्या."

"फाट्यावर?"

"तीन होत्या. उजवीकडे. ताई, शिव्या घाला, पण अशा बघू नका."

मी त्याला मिठीच मारली! तो बिचारा बोलणी खायच्या तयारीने आलेला. मी रडतेय, हसतेय, "तुझी चूक! तुझी चूक!" म्हणून त्याच्या पाठीवर थोपटतेय. त्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. नाही झाला रे बाबा, तेच तर सांगतेय!

आणि टोपी? तेही विसरले नव्हते. लाज वाटली होती. टोपी वाटेवर ठेवायची म्हणजे मागून येणाऱ्याला जाहिरातच, की बाईसाहेब दगडामागे बसल्यात. म्हणून नाही ठेवली. निव्वळ लाज! जीव असा भांड्यात पडलाय म्हणून सांगू. पुढच्या वेळी टोपी ठेवीन, वर शिट्टीही वाजवीन.

६ ऑक्टोबर, मंगळवार

आज दिवसभर कामावर गात होते. मालकीणबाईंनी विचारलं, पगारवाढ कुणी दिली?

बाबांना सगळी हकीकत सांगितली. पोट धरून हसले. "त्याने काढल्या, म्हणून तू हुकलीस!" चहानंतर पुन्हा सांगायला लावली. जेवताना पुन्हा. दरवेळी तेवढंच हसतात. आणि दरवेळी शेवटी, "बरोबर आहे त्याचं. शेवटच्याने काढायच्या."

८ ऑक्टोबर, गुरुवार

हे आधी का सुचलं नाही? मला तीन रिबिनी मिळाल्या नाहीत, तर मी फाट्यावर गळपटले. आणि बाबांकडून अपेक्षा काय, तर एकही नसताना घरी या! न्हाव्याचा फोन आला त्या दिवसापासून त्यांना एकटं बाहेर सोडलेलं नाही. दाराला आतून कुलूप — तेही शेपटानेच बसवलंय. बाबा खिडकीशी बसतात. काल म्हणाले, "गाडी डेपोत लावून ठेवलीत माझी."

१० ऑक्टोबर, शनिवार

शेपटाकडून रिबिनी आणल्या. दारापासून बागेतल्या बाकापर्यंत बांधल्या. फाटकाला, विजेच्या खांबाला, नळाला, औषधाच्या दुकानाच्या कठड्याला. वळणावर तीन. नवरा स्टूल धरून उभा. शेजारीण गॅलरीतून, "काय, कुणाचं लग्न?"

बाबांना सांगितलं, जाताना उजव्या हाताला, येताना डाव्या. "मला शिकवतेस? मी ड्रायव्हर आहे," म्हणाले. मग विचारलं, "जाताना कुठल्या हाताला?"

१८ ऑक्टोबर, रविवार

रोज मी बरोबर जातेय. आज पहिल्यांदाच मागे राहिले, खांबाआड लपत लपत. वळणावर बाबा थांबले, तशी मी खांबाआडून निघणारच होते. तिन्ही रिबिनींना हात लावून बघितला आणि वळले! बाकावर जाऊन बसले ते राजासारखे.

येताना मला खांबाआड बघितलं. "तुला काही काम नाही का?"

२५ ऑक्टोबर, रविवार

कुलूप काढलं. भांडण झालं आधी. नवरा म्हणतो, घाई करतेयस, काही झालं तर? मी म्हटलं, खिडकीत बसूनही काही होतंयच की. धाकटीने फोनवर पुष्कळ ऐकवलं. ऐकून घेतलं.

येत्या रविवारी बाबा एकटे. मागे कुणी नाही. ठरलं.

१ नोव्हेंबर, रविवार

बाबा गेले. यायची वेळ टळली. मी फाटकाशी, नवरा चपला घालून तयार. तेवढ्यात कोपऱ्यावरून आले, रमतगमत, कोटाचा खिसा फुगलेला. माझ्यासमोर उभं राहून खिसा रिकामा केला. नारिंगी रिबिनी, सगळ्या!

"शेवटचा मीच होतो. जाताना काढत गेलो."

"जाताना? बाबा, मग येताना कसे आलात?"

ते फाटक ढकलून आत निघाले. "येताना कशाला हव्यात? घरीच तर यायचं होतं."