ठणठणीत

दादा,

हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा उठलो. एकदा पाणी भरायला, एकदा चपलेचा अंगठा शिवायला, तिसऱ्यांदा कशाला ते आठवत नाही. मी एका जागी ठरतच नाही. पण तू कामाला आहेस त्या लाँड्रीत चक्क पाच महिने टिकलो, कारण गेटवर तू होतास.

रोज सकाळी ती ताप मोजायची बंदूक कपाळासमोर धरून तू म्हणायचास, "नॉर्मल. पळ, नाटक्या!" हाडं ठणकत होती, डोळे जळत होते, तरी आठवडाभर मी इस्त्रीवर उभा राहिलो. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर मला माझं अंगच खोटारडं वाटायला लागलं.

मंगळवारी चक्कर येऊन तुझ्या टेबलावरच आदळलो. बंदूकही पडली. माझ्या नाकासमोर तिचं झाकण उघडलं, तर आत सेलच नव्हते. आणि वरून तुझा आवाज, साहेबांना वही दाखवत, "सकाळी ठणठणीत होता. बघा, अठ्ठ्याण्णव लिहिलंय."

आजार लपवला म्हणून त्यांनी मला काढलं. तू वही मिटून ठेवलीस. नोकरी जायची मला सवय आहे रे. भाऊ जायची नाही.

तुझाच (हात मेला ऐकत नाही),
नाटक्या

ता. क. दार वाजलं, आणि दारात तूच. "वहिनीला सांगू नकोस, ती मला उद्या कामावर सोडणार नाही. हात लावून बघ, ताप आहे का?" तुझं कपाळ तव्यासारखं तापलंय. काय सांगू, दादा? नॉर्मल?