सखारामचा भुईमूग ताठ उभा

नागपंचमी, सन १९३५

आज मनातून जळलो. विंचूरच्या बियाण्याची वाट पाहत उशिरा पेरलेला माझा भुईमूग बुडाशी पांढरी बुरशी धरून माना टाकतोय. बांधापलीकडे सखारामच्या शेतात गेलो, खरं तर तिथेही बुरशी दिसावी म्हणून. होतीही! पण झाडं ताठ. असं का? नखाने खोड दाबलं, तर लाकडासारखं. माझं नुसतं कोवळं.

सखाराम हसला, "अण्णा, तुमची तान्ही लेकरं हायेत, माझी बाप्ये झालीत!"

धाकटा चुलतभाऊच माझा, गुणाचा. तरी ते टणक खोड डोळ्यांपुढून हलेना. आज पंचमी, माती उकरायची नाही; रोगट झाडं उद्या उपटायची. तो हाताखाली येतो म्हणाला. माझ्या एकट्याच्याने उरलेलं पीक वाचायचं नाही. "ये बाबा," म्हणालो. तेही झोंबलंच.