नंदीच्या पोटातली मोटार

पिपरी मेघे
१० सप्टेंबर २०२५, बुधवार

चिरंजीव अण्णाले मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. द्याची इच्छा नाई, पण आशीर्वादाबिगर कागद सुरू करू नये असं बाबानं शिकवलं, म्हणून लिहिला. मी तिसरी शिकली, अक्षर वाकडं हाय. तू शाळा समितीचा अध्यक्ष, लावून घेजो.

इकडं बरं हाय. वांगे लय निघून राह्यले. तुह्याकडं या खेपेले पाठवणार नाई.

आता माह्या नातीचं आयक. तुह्या शाळेतली पौर्णिमा मॅडम सुट्टी झाल्यावर आठ लेकरायले रोबोट शिकवते. खुशी त्यात हाय. त्यायनं तान्ह्या पोळ्याले लेकरं मिरवतात तो लाकडी नंदी घेतला, पोट कोरून मोटार बसवली, कपाळात दोन डोळे लावले. मंग तो नंदी माह्या वांग्याच्या सरीतून एकटा चालला! मी आडवी झाली तं थांबला. बाप्पा, मी एवढी हसली का पदर तोंडात कोंबला. त्या जागी तू असता तं थांबला नसता.

आन खुशी, पाहुणे आले का आतल्या खोलीत लपे, ती आता मोठ्या पोट्ट्यायले सांगते, "तार उलटी हाय, खोल परत." मॅडमचा नियम हाय, ज्यानं बिघडवलं त्यानं वहीत नावासकट लिहाचं. मॅडम रागावत नाई.

अशा वर्गाले तू टाळा लावला. काऊन? तं नंदी तुह्या घरचा, बाबानं कोरलेला. शनिवारी शाळेत ओळखला आन सगळ्यायसमोर खुशीले चोर म्हणलास, तिचं नाव काटलं. या रविवारी नागपूरले स्पर्धा हाय. बाकीचे सात म्हणतात, खुशी नाई तं आम्ही बी नाई.

अध्यक्ष झाला म्हणून शिंगं फुटले काय तुले? चौदा वर्षाच्या पोरीले चोर म्हणताना जीभ नाई अडखळली?

तिनं दप्तर उचललं आन निघून आली. घरी येऊन जेवली नाई. मी इचारलं, "बाई, सांगून काऊन नाई टाकलं?" तं म्हणे, "आजी, ते तू लिहाचं असतं."

तं लिहून राह्यली. तान्ह्या पोळ्याले मी तुह्या घरी आलती. तुही बायको सीताबाई करंज्या तळत होती, तू फोनवर. कपाटातला नंदी मी पिशवीत टाकला, वरून मेथीची जुडी. खुशीले सांगितलं, अण्णाआजोबानं दिला. ते खोटं. मागितला असता तं तू दिला नसता, हे बी खरं. तू ओरडला तवाच पोरीले समजलं. आन चार दिवस मी चूप बसली, आपलं तोंड काळं होईन म्हणून.

हा कागद समितीत मोठ्यानं वाच. झेरॉक्स मॅडमपाशी हाय. शुक्रवारपर्यंत टाळा नाई उघडला तं शनिवारी प्रार्थनेच्या वेळी मी शाळेत उभी राहीन, सगळ्या लेकरायसमोर सोता सांगीन. नंदी परत नाई मिळन. बाबानं तो दोघायसाठी कोरलता.

खुशीची माफी मागजो. माही मागू नको, मी बी तुही मागणार नाई.

नंदी चोरणारी,
तुही बहीण चतुरा