बोयाला बांधलेली होडी

प्रति,
मा. अधीक्षक,
लाटमापन विभाग, बंदर कार्यालय.

विषय : १४ सप्टेंबरच्या सहा तासांच्या नोंदी रद्द करणे व माझे प्रशस्तिपत्र परत घेणे.

संदर्भ : १) माझा १९ सप्टेंबरचा खुलासा (खोटा). २) आपले २ जानेवारीचे प्रशस्तिपत्र.

महोदय,

किनाऱ्यावरील केंद्रात मी एकोणीस वर्षे निरीक्षक आहे. समुद्रात तीन किलोमीटरवर नांगरलेला पिवळा तरंगता बोया लाटेबरोबर वर-खाली होतो आणि दर अर्ध्या तासाला तिची उंची पाठवतो. ती मी तपासून नोंदवतो. आजवर एकही आकडा बदललेला नाही. १४ सप्टेंबरलाही बदलला नाही. तो चुकीचा येईल अशी व्यवस्था मात्र मीच केली.

त्या दुपारी वादळात माझ्या मेहुण्याच्या होडीचे इंजिन बंद पडले व नांगराचा दोर तुटला. होडी वाहत बोयाजवळ आली तेव्हा त्याने मला फोन केला. बोयाला होडी बांधण्यास सक्त मनाई आहे. तशी पाटी त्यावर मीच रंगवली आहे. मी त्याला म्हणालो, "पाटी वाचत बसू नकोस, बांध." मदतीची बोट सहा तासांनी पोचली. तो वाचला, याचा मला पश्चात्ताप नाही. पुढचे सारे मात्र अक्षम्य आहे.

होडीच्या ओढीने बोया लाटेवर चढेना. गच्चीवरून पाहता धक्क्यावरील दिव्याचा निम्मा खांब पाण्यात जात होता, आणि पडद्यावर लाट होती दोन मीटर दहा सेंटिमीटर. आपल्या तपासनीस बाईंनी आकडे इतके कमी कसे, असे विचारले. वारा जमिनीकडून होता, त्याने लाटा दबल्या, असे मी लिहून दिले. त्याच टपालाने, समुद्राकडच्या वाऱ्याने फुटलेल्या केंद्राच्या खिडकीच्या दुरुस्तीचाही अर्ज पाठवला. दोन्ही मान्य झाले.

पुढे, सरत्या वर्षात एकही नोंद न चुकल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. त्यानंतर या नोंदी 'संशयास्पद' ठरवाव्यात असे मी दोनदा कळवले. प्रशस्तिपत्रप्राप्त केंद्राबाबत संशय उद्भवत नाही, असे उत्तर आले. माझ्याच खोट्याने माझे खरे बोलणे अडवले आहे.

आता वस्तीपुढील बंधाऱ्याची उंची याच नोंदींवरून ठरत आहे. तीस वर्षांतील सर्वांत मोठे वादळ त्यात साधारण म्हणून नोंदले गेले आहे. पहिल्या ओळीत माझ्या बहिणीचे घर आहे. ती शेजारणींना सांगते, "दादानं मोजलंय, मग काळजी कसली?" हे ऐकल्यापासून तिच्या घरी जेवणे मला जमलेले नाही.

तरी विनंती, की नोंदी रद्द कराव्यात व बंधाऱ्याच्या अभियंत्यांना आजच कळवावे. मेहुण्याने माझ्या सांगण्यावरून होडी बांधली. त्याच्या परवान्यास हात लावू नये. कारणाच्या रकान्यात 'यंत्रातील बिघाड' लिहू नये. बोया ठीक होता. तेथे माझे नाव लिहावे.

बहिणीला अद्याप काही सांगितलेले नाही. अर्जाची पोच मिळताच ती घेऊन तिच्याकडे जाईन.

आपला,
प्रशस्तिपत्रास अपात्र,
(सही)
निरीक्षक, लाटमापन केंद्र
दि. ९ मार्च

सोबत : १) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
२) बोयावरून कापलेल्या दोराचा तुकडा. मेहुण्याने तो मला उपकाराची आठवण म्हणून दिला होता.