टाकीतलं पाणी आणि माझी बातमी

४ मार्च १९८२, महाड
चार फुटी टाकी सुमनच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवली, मान वळवावी लागू नये म्हणून. सहा गोल्डफिश. पक्षाघाताला पाच महिने झाले. उजवा हात गेलेला, बोलणं दोन शब्दांपुरतं. डॉक्टर म्हणतात, नजर कशात तरी गुंतू दे.

९ मार्च
पाणी गढूळ. कोपऱ्यातला पाणी गाळायचा कापूस-कोळशाचा डबा पाचव्या दिवशीच काळा. भाचा विलास मुंबईहून आलाय, मासे पाळणारा. डबा बघून हसला. "मामा, एवढ्या पंगतीची उष्टी काढायला एकच माणूस? खाली जाळीची प्लेट टाका, वर खडे. घाण खड्यांत जिरते. तिथे कामाचे जंतू वाढतात."
पारूबाई कापडे गावची, इथंच राहून सु.चं सगळं करते. ती म्हणाली, "घरात वैनी आजारी हायत, आनि तुमी जंतू पाळताय?"
सु. हसली. अर्ध्या तोंडाने, पण हसली.

१६ मार्च
प्लेट बसवली, तिला हवेचा पंप जोडला. खडे सावित्री नदीतले. विलासने बजावलंय : पाणी एका वेळी थोडंच बदलायचं. नळाचं असेल तर त्यातलं औषध उडून जाईस्तोवर दिवसभर पिंपात ठेवून मग. खडे चोळून धुवायचे नाहीत.

११ एप्रिल
पाणी नितळ. सु. डाव्या हाताच्या बोटाने मासे मोजते. काल "सहा" म्हणाली. स्पष्ट. लाइट गेली की पंप थांबतो, मग माशांना हवा मिळावी म्हणून पारूबाई तांब्याने पाणी वरून ओतत बसते. "वैनी बघतायत, मला उठता येत नाय."

१९ मे
गावात काविळीची साथ. नळाच्या पाण्यात जंतुनाशक औषधच पडत नाही, अशी बातमी मी ज्याचा वार्ताहर आहे त्या साप्ताहिकाला पाठवली. मथळाही मीच दिला.

२७ मे
बातमी लागली. आज नळाला औषधाचा इतका उग्र वास की चहा पिववेना. रस्त्यात दोघा-तिघांनी थांबवून शाबासकी दिली. बरं वाटलं.

२८ मे
साप्ताहिकाचा पुढचा मजकूर दुपारच्या एस.टी.ने जायचा होता. टाकी गढूळलेली, पिंप रिकामं. पारूबाई : "दादा, उद्या करा. पान्याला वास येतोय." म्हटलं, उद्या मला पोलादपूरला जायचंय. अर्धं पाणी काढलं, खडे नळाखाली खसाखसा धुतले, टाकी भरली. तासाभरात सगळं. गाडीही सापडली.

२९ मे
सकाळी दोन मासे उताणे. पोलादपूर राहिलं. संध्याकाळपर्यंत चार. सु.चा डोळा लागला तेव्हा काढले. पारूबाईने परसात पुरले.
विलासला ट्रंक कॉल. "खडे पण धुतले? मामा, तुम्हाला सांगितलं होतं ना!" मग जरा नरमून, "जंतू परत धरायला महिना-दीड महिना. तोवर खाणं अगदी कमी, पाणी शिळं."
"उरलेले दोन?"
"सांगता येत नाही."

३० मे
टाकीवर चादर टाकून ठेवली होती. सु.ने हाताने खूण करून काढायला लावली. बघत राहिली. मोजलं नाही. दुपारी जेवली नाही, रात्रीही नाही.

३ जून
चार दिवस तोंडातून अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, असं मागे जाऊ शकतं. का, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
कावीळ उतरतेय म्हणे. माझी बातमी खरी होती. संपादकांचं पत्र आलंय, पाण्याचा पाठपुरावा करा.

६ जून
दोन मासे तळाशी, कल्ले हलतायत. पारूबाई पिंपातलं शिळं पाणी तांब्याने सोडत होती. सु. टाकीकडे चार बोटं दाखवून तिला म्हणाली, "कोण?"
नवा शब्द. आठवड्यातला पहिला.
पारूबाई तांब्या तसाच धरून थांबली. "दादा, वैनी काय इचारतायत, ऐकलंत ना?"
ऐकलं. पाठपुराव्याचा मजकूर द्यायचाय म्हणून बाहेरच्या खोलीत टेबलाशी आलो. अजून एक ओळ लिहिलेली नाही. इथून दिसतंय, सु.ची नजर दाराकडेच आहे.